पॅक केलेले दोन बादशहा

गोपालने पत्त्यांची कड अंगठ्याने किंचित उचलून पाहिली. दोन बादशहा. एक किलवरचा, एक चौकटचा. एरवी असे पत्ते हातात आले की माणूस आतल्या आत नाचतो आणि चेहरा सुतकी ठेवतो. आज चेहरा सुतकी ठेवायला त्याला काही कष्ट पडले नाहीत. त्याने पत्ते पुन्हा पालथे केले, वर तळहात ठेवला, आणि नको तेव्हा पाहुणा दारात उभा राहावा तसे हे दोघे आज कशाला आले, असं त्याच्या मनात आलं. बाहेर चंद्रपूरचं मे महिन्यातलं ऊन खिडकीच्या काचेवर बसलेल्या कोळशाच्या धुळीतून पिवळट होऊन आत येत होतं. कूलर घरघरत होता, वाळ्याचा ओला वास खोलीभर होता, तरी मानेवरून घाम खाली उतरतच होता. समोर नूरभाई बसले होते, पांढरा कुर्ता, पांढरी दाढी, बोटांच्या पेरांत अजूनही कुठे कुठे जुन्या ऑइलपेंटचा निळा डाग. त्यांचेही दोन पत्ते समोर पालथे होते. ते त्यांनी उचलूनही पाहिले नव्हते. पाहायचं असतं हेच ते विसरले असावेत, असं गोपालला वाटलं. सकाळपासून त्याला ते दोन-तीनदा वाटून गेलं होतं.

खेळाचं खरं नाव लिमिट होल्डेम. नूरभाई ऐन उमेदीत दुकानांच्या पाट्या रंगवायला मस्कतला गेले होते. तिथे कामगारांच्या बराकीत एका फिलिपिनो सुताराकडून हा खेळ शिकले, आणि परत येताना खजुराच्या डब्याबरोबर तोही घेऊन आले. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते त्याचे त्यानेच पाहायचे. मग मध्ये उघडे पाच पडतात, आधी तीन, मग एक, मग एक. सगळ्यांतून ज्याचे पाच भारी, त्याचा डाव. मध्ये मध्ये चाल लावायची, पण चालीची किंमत ठरलेली: पहिल्या दोन फेऱ्यांत दोन, शेवटच्या दोन फेऱ्यांत चार. वाढवायची झाली तरी तेवढ्यानेच. गोपाल चामोर्शीकडच्या धानाच्या गावात वाढला. तिथल्या तीनपत्तीत ज्याची छाती मोठी त्याचा डाव. कुणीतरी भला मोठा ढीग पुढे सरकवायचा आणि बाकीचे गपगुमान पत्ते टाकायचे. नूरभाईंना ते आवडायचं नाही. "इथी कोणाले दम देता येत नाई," ते म्हणायचे, "इथी फक्त खरं बोला, नाईतं खोटं बोला, पन दोन्हीचा भाव एकच." आणि भाव म्हणजे चिंचोके. नूरभाईंच्या बायकोने, खुर्शीदाभाभींनी, पहिल्याच रविवारी बजावलं होतं की या घरात पैसा लावून जुगार होणार नाही, चिंचोके घ्या नाहीतर बाहेरच्या पारावर बसा. तेव्हापासून चिंचेचा गर काढून झाला की बिया धुऊन वाळवून डब्यात जायच्या. इतकी वर्षं झाली, पण चिंचोका हरताना ज्या माणसाच्या जिवावर येत नाही त्याला या टेबलावर कुणी माणूस समजलं नाही.

आज पत्ते श्रावण गुरुजींनी वाटले होते. गुरुजी मूळ चिमूरचे. चिमूरचा माणूस मागे हटत नाही, बेचाळीसच्या लढ्यात हटला नाही, असं ते दर रविवारी सांगायचे, आणि दर डावाला सगळ्यांत आधी पत्ते टाकायचे. चौथ्या रंभाबाई, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. त्या हसत हसत माणसाला लुटत. नूरभाईंनी पत्ते न पाहताच त्यांवर तळहात ठेवून दोन चिंचोके पुढे केले. आता गोपालची पाळी. आणि इथे त्याच्या हाताने दगा दिला. डोकं म्हणत होतं, दोनच भर, गप्प राहा. हात म्हणाला, चार. मोठी जोडी झोपवून ठेवायची नसते, हे याच टेबलावर नूरभाईंनी त्याच्या हातावर फटके मारून शिकवलं होतं. "बादशहा मोठा खरा, पन एकटा पडते बिचारा," ते सांगायचे. "सगळ्यायले स्वस्तात आत येऊ देल्लं, तं कोणाची तरी दुर्री येऊन त्याले मारते. म्हणून पयलेच वाढवाचं. जो यील तो भाव देऊन यील." हाताला हे असं पाठ होतं. चार चिंचोके टेबलावर खडखडले तेव्हा रंभाबाईंनी चष्म्यावरून गोपालकडे पाहिलं, इंजेक्शनच्या आधी पेशंट हलला की पाहायच्या तसं. "मी पॅक," त्या म्हणाल्या आणि पत्ते पालथेच टाकले. "मीही," गुरुजी म्हणाले. नूरभाईंनी आणखी दोन चिंचोके भरले. राहिले दोघेच.

आणि दोघेच राहायला नको होते. मागच्या हिवाळ्यात असेच दोघे राहिले होते. नूरभाईंनी गुलामाला बादशहा समजून चाल वाढवत नेली होती आणि शेवटी मोठ्या दिमाखात पत्ते उघडले होते. त्यांनीच आपल्या पत्त्यांकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं, गुलामाच्या मिशीवरून बोट फिरवलं, आणि उठून आतल्या खोलीत गेले. दोन दिवस जेवले नाहीत. पुढचे कितीतरी रविवार दाराला आतून कडी. डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं होतं, पण नाव कळल्याने काय होतं. घरातल्या घरात माणूस थोडा थोडा कमी होत होता. एकदा गोपाल नुसताच दाराशी येऊन परत निघाला तेव्हा खुर्शीदाभाभींनी त्याला फाटकापाशी गाठलं. त्या रडल्या नाहीत, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "गोपालभाऊ, इतवारची ही बैठक हाय म्हणून हे सकाळी दाढी नीट करते, कपडे मागते. बाकीचे दिवस काई मागत नाई. मी कसंतरी समजावून बसवतो यायले. पन आता हरवू नका. हरले ना, तं हे पुन्हा नाई उठाचे." त्याने मान डोलावली. मान डोलावण्याखेरीज दुसरं काय करणार होता? गुरुजींना सांगितलं, रंभाबाईंना सांगितलं. मग नूरभाई परत टेबलावर आले, आणि जिंकू लागले.

गुरुजींनी मधले तीन पत्ते उघडले. बदामाची नव्वी, किलवरची पंजी, इस्पिकची दुर्री. दोन बादशहांना याहून चांगला दरबार मिळाला नसता. एक्का नाही, राणी नाही, एका रंगाचं काही नाही; सगळी फुटकळ प्रजा. नूरभाईंनी दोन चिंचोके पुढे लोटले, डोळे मात्र खिडकीकडे. आता वाढवायलाच हवं होतं. गोपालने नुसते दोन भरले आणि ते भरताना बोटांना चिंचोक्यांचा गुळगुळीत थंडपणा नेहमीपेक्षा जास्त जाणवला. काय पाहत असतील हे खिडकीबाहेर? तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या गाळ्यावरचा मोबाइल दुकानाचा फ्लेक्स तेवढा होता. फ्लेक्स आले आणि नूरभाईंचा ब्रश वाळला. त्याआधी या शहरातल्या अर्ध्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या, आणि हिवाळा लागला की झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्या त्यांच्याकडे पडदे रंगवायला रांग लावत. गोपालची ओळखही पडद्यावरूनच झाली होती. गावात मंडईचं, म्हणजे जत्रेचं, नाटक होतं, सकाळी स्टेज बांधून झालं, आणि कंपनीने जंगलाचा नवाकोरा पडदा सोडून पाहिला. सगळं गाव वा वा करत होतं. एकवीस-बावीस वर्षांचा गोपाल पुढे जाऊन म्हणाला, "जंगल भारी हाय, पन हे नारळाचे झाडं आमच्या जंगलात कोणं लावले?" पडद्यामागून एक तरुण चित्रकार रंगाचा डबा घेऊन आला, गोपालच्या तोंडाकडे पाहत राहिला, मग आपल्या पडद्याकडे, आणि इतका मोठ्याने हसला की पेटीवाला दचकला. कॅलेंडरवरून काढलं होतं त्याने. "चाल," तो म्हणाला, "दाखव तुमचं जंगल." दिवसभर दोघं रानात फिरले. संध्याकाळी नाटक लागलं तेव्हा पडद्यावर मोहाची झाडं होती, रंग ओला होता, आणि नायिकेच्या पदराला मोह चिकटून तो शेवटच्या प्रवेशापर्यंत तिच्याबरोबर हिंडला. त्या दिवसानंतर त्या माणसाने एकही पडदा गोपालला दाखवल्याशिवाय कंपनीला दिला नाही. लोक स्तुती करायचे, ती नूरभाई कानाआड टाकायचे. "तू सांग बे, नारळ कुठी हाय?" असं विचारायचे.

चौथा पत्ता पडला, बदामाची सत्ती. आता चाल चारची. नूरभाईंनी चार मोजून पुढे ठेवले, मोजताना ओठ हलले. गोपालने चार भरले. ढीग आता टेबलाच्या मधोमध चांगला दिसण्याजोगा झाला होता. गोपालचं आयुष्य वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये काटे पाहण्यात गेलं. तिथे एक सवय लागते. भोंगा वाजला की आधी तो बंद करायचा, मग कारण शोधायचं, कारण भोंग्यात कुणालाच विचार करता येत नाही. चांगली सवय होती ती. पण कधी कधी माणूस नुसता भोंगा बंद करतो आणि खुर्चीत टेकून बसतो. या चार महिन्यांत आपण तेच केलं की काय? नूरभाई जिंकत होते, दाढी करत होते, जेवत होते, भाभी हसू लागल्या होत्या. काटे सगळे हिरव्यात. मग रविवारी घरी परतताना स्कूटर चालवता चालवता हे असं ओशाळल्यासारखं का वाटतं? घरी बायकोने, कमळाने, विचारलंही होतं, पत्ते खेळून आलात की मयतीवरून?  पूर्वी नूरभाईंशी हरून आलो की चिडचिड व्हायची, रात्री जेवताना डाव आठवायचा. आता त्यांच्याशी हरताना काहीच होत नव्हतं. ज्याच्याशी हरून काहीच वाटत नाही तो समोर बसलाय की नाही हे कसं सांगावं? हा विचार गोपालला अजिबात आवडला नाही आणि त्याने तो पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचा प्रयत्न केला.

शेवटचा पत्ता इस्पिकची तिर्री. कुणाच्याच कामाची नाही. नूरभाईंनी पुन्हा चार लावले. त्यांचा हात आता पत्त्यांवर नव्हता, मांडीवर होता. गोपालसमोर एक ओंजळभर ढीग होता आणि पत्ते उघडून पाहायची किंमत होती चार चिंचोके. या खेळात इथे कुणी विचार करत नाही. समोरच्याकडे दोन जोड्या असतील, तीन नव्व्या असतील, असोत. दोन बादशहा हातात असताना शेवटची ठरलेली चाल भरायची आणि पाहायचं. हरलो तर चार जातील. अगदी कच्चे खेळाडूही ही चाल सोडत नाहीत. पण गोपालला दिसत होतं की भरलं तर आपण जिंकणार. नूरभाईंनी पत्ते पाहिलेलेच नाहीत. ते उघडतील, खाली भलतंच काही निघेल, आणि बोट पुन्हा एखाद्या गुलामाच्या मिशीवरून फिरेल. स्वयंपाकघराच्या दारात खुर्शीदाभाभी उभ्या होत्या, हातात चहाचं गाळणं. त्या गोपालकडे पाहत नव्हत्या, हे पाहणंच होतं. त्याने दोन्ही पत्ते पालथेच पुढे सरकवले. "पॅक, नूरभाई. तुमचा डाव."

नूरभाई ढिगाला हात लावीनात. या टेबलाचा एक कायदा आहे, सर्वांत जुना: टाकलेले पत्ते कुणी उघडून पाहत नाही. ज्याने टाकले त्याची ती झाकली मूठ. गुरुजी आणि रंभाबाई कितीही भांडले तरी हा कायदा आजवर मोडला नव्हता. नूरभाईंनी हात लांब केला, गोपालचे पत्ते उचलले, आणि एक एक करून उताणे ठेवले. किलवरचा बादशहा. चौकटचा बादशहा.



"चार चिंचोक्यासाठी," नूरभाई म्हणाले. आवाज अगदी हलका होता. "दोन बादशहा. चार चिंचोक्यासाठी पॅक."

"मले वाटलं तुमच्याकडं तीन नव्व्या..." गोपाल म्हणाला, आणि मध्येच थांबला.

"तुले वाटलं." नूरभाईंनी आपले पत्ते उलटले. राणी आणि छक्की. काही नाही, धड जोडीही नाही. ते स्वतःही त्यांच्याकडे नवलाने पाहत होते. "हे मीबी आत्ताच पाहून राह्यलो. आज सकाळपासून एकबी डाव म्या पाह्यला नाई गोपाल. पाह्याचा नाई असंच ठरवलं. अन् हे पाय." त्यांनी आपल्यासमोरच्या चिंचोक्यांच्या रासेवर हात ठेवला. टेबलावरची सगळ्यांत मोठी रास. "आंधळा खेळला तरी जिंकते, असा खेळ कुठी असते बे?"

रंभाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. गुरुजी चिमूरचे होते, पण त्यांनीही मान खाली घातली. गोपालला जमिनीत जावंसं वाटत होतं. जी गोष्ट इतके दिवस पांघरुणासारखी वाटत होती ती आता टेबलावर उताणी पडली होती, आणि त्या दोन रंगीत मिशाळ तोंडांसारखी बावळट दिसत होती. नूरभाई मात्र चिडले नव्हते. त्यांनी चिडायला हवं होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आपल्या राशीतले चिंचोके दोन्ही हातांनी ओढून तिघांसमोर वाटून टाकले, स्वतःपुढे सुरुवातीला घेतात तेवढी मूठभर ठेवली. मग गोपालचं मनगट धरलं. पकड ब्रश धरणाऱ्याची होती, अजून घट्ट.

"माझं डोस्कं जाऊन राह्यलं, मले मालूम हाय. सगळ्यायले वाटते मले मालूम नाई. घरात कोणी माझ्याशी भांडत नाई आता. नबील फोनवर हो अब्बा, हो अब्बा करते. मी भलतंच बोललो तरी खुर्शीदा हो म्हंते. सारे हो म्हंते. इथीच येत होतो मी, वाटत होतं इथी तरी कोणी नाई म्हनन." ते थांबले, शब्द शोधायला नाही, दम घ्यायला. "अन् आयक. हे मी इसरन. चहा पेतपर्यंत इसरन, पाहजो तू. तू इसरू नको. मी इसरलो तरी तू खेळजो. कसम खा."

"कसम," गोपाल म्हणाला. 

चहा आला. भाभींनी कप ठेवताना कुणाकडे पाहिलं नाही. नूरभाईंनी बशीत ओतून फुर्र करून चहा प्यायला, बिस्किट बुडवलं, ते तुटून पडलं तेव्हा बोटाने काढून खाल्लं, आणि कूलरच्या पाण्याबद्दल काहीतरी बोलले. मग टेबलाकडे पाहिलं. "काऊन रे, इतकेच चिंचोके माझ्याकडं? आज हरून राह्यलो का मी?" असं म्हणून त्यांनी तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं, आणि त्या नजरेत मघाचं काही म्हणजे काही उरलेलं नव्हतं. गोपालच्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ अजून होते. स्वयंपाकघराच्या दारात भाभींनी सुटकेचा श्वास सोडला तो इथपर्यंत ऐकू आला. रंभाबाई पत्ते पिसता पिसता पुटपुटल्या, "गेलं ते डोक्यातून. जाऊ द्या भाऊ. तेच्यातच सुख हाय." आणि त्यात काय खोटं होतं? कसम घेणाऱ्यालाच आठवत नाही ती कसम कुणाची? ती मोडली तर कुणाला कळणार? तिघांना कळेल, आणि तिघेही म्हणतील बरं केलंस. गोपालला हेच असह्य झालं. ही अशी कसम पाळायला साक्षीदार नाही, मोडायला गुन्हा नाही. पाळायची तर एकट्यानेच, आणि तीही अशा माणसासमोर की जो दुखावला तर त्याला आपण का दुखावलं हे सांगताही येणार नाही. हरले तर हे पुन्हा नाई उठाचे, असं भाभी म्हणाल्या होत्या. त्या चूक आहेत असं म्हणायची त्याची छाती नव्हती.

रंभाबाईंनी पत्ते वाटले. या वेळी नूरभाईंनी ते उचलले, दोन्ही हातांत धरून छातीशी नेले, आणि पाहिले. त्यांच्या भुवया जराशा वर गेल्या आणि लगेच खाली आल्या. एवढ्यावरून गोपालने ओळखलं. मोठी जोडी. इतक्या वर्षांत त्या भुवया त्याने कुणाला सांगितल्या नव्हत्या, ती त्याची एकट्याची कमाई होती. त्याच्या स्वतःकडे दश्शी आणि गुलाम होते. गुरुजींनी पत्ते टाकले, रंभाबाईंनीही टाकले. नूरभाईंनी वाढवलं, पहिल्याच फेरीत, जसं शिकवायचे तसं. मध्ये गुलाम, चौकी, अठ्ठी पडले. गोपालची गुलामाची जोडी झाली. त्याने चाल लावली, नूरभाईंनी वाढवली. चौथा पत्ता दुर्री. चारची चाल, पुन्हा वाढ. ते सुंदर खेळत होते. बोटं थरथरत होती पण खेळ थरथरत नव्हता. मोठी जोडी झोपू न देता ते तिला फेरीफेरीने पुढे नेत होते, आणि गोपालला कितीतरी दिवसांनी समोर माणूस बसल्यासारखं वाटत होतं. त्याचा आनंद इतका अचानक आला की त्याला हसू दाबावं लागलं. मग शेवटचा पत्ता पडला. बदामाची दश्शी. गोपालच्या दोन जोड्या झाल्या, गुलाम आणि दश्श्या. मोठी जोडी मेली, आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

नूरभाईंनी उरलेल्यातले चार लावले. त्यांच्यापुढे आता चारच चिंचोके राहिले होते. नुसतं भरून उघडलं असतं तरी चाललं असतं. ते चार त्यांना राहिले असते, तेवढाच आधार. स्वयंपाकघराच्या दारातून भाभींनी मान हलवली, सरळ, न लपवता: नको. गोपालने त्यांच्याकडे पाहिलं, क्षमा मागितल्यासारखं, आणि आठ चिंचोके पुढे केले.

"वाढवली," तो म्हणाला.

नूरभाई त्याच्याकडे पाहत राहिले. मग शेवटचे चार भरले आणि पत्ते उघडले. दोन राण्या, इस्पिक आणि बदाम. गोपालने गुलाम ठेवला, दश्शी ठेवली. नूरभाईंनी मधल्या पाचांवरून नजर फिरवली, मग गोपालच्या दोनांवरून, मग पुन्हा मधल्या. बराच वेळ. त्यांचं बोट उठलं, बदामाच्या दश्शीवर टेकलं, आणि तिथेच राहिलं. त्यांनी नीट पाहिलं होतं. कशाने हरलो ते त्यांना समजलं होतं. त्यांच्यापुढची टेबलाची जागा रिकामी होती. त्यांनी खुर्ची मागे सारली, उठले, आणि आत गेले.

कडीचा आवाज आता येईल, असं गोपालला वाटलं. त्याने ढीग आपल्याकडे ओढला नाही. भाभी दारातून बाजूला झाल्या होत्या आणि आता भिंतीला टेकून त्याच्याकडे पाहत होत्या, आणि ती नजर त्याला जन्मभर पुरली असती. "काऊन केलं भाऊ तुम्ही असं?" त्या म्हणाल्या. त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. गुरुजी उगाच पत्त्यांच्या कडा जुळवत बसले. आत कुठेतरी भांडं वाजलं, काहीतरी सांडलं. मग पावलं. नूरभाई दारात आले, मूठ घट्ट मिटलेली, खुर्चीवर बसले, आणि मूठ टेबलावर रिकामी केली. तूरडाळ होती. पिवळी, स्वच्छ निवडलेली तूरडाळ, काही दाणे घरंगळत रंभाबाईंच्या कपापर्यंत गेले.

"पत्ते वाट," नूरभाई म्हणाले.

रंभाबाईंचा हात अभावितपणे डाळ गोळा करायला पुढे झाला. डाळ तर डाळ, काय बिघडतं, असं त्या हातातच लिहिलेलं होतं. गुरुजींनी घाईने मान डोलावली. गोपालला वाटलं, आपण रडणार आहोत. 

"डाळ नाई चालत, नूरभाई," तो म्हणाला. "इथी चिंचोकेच लागते."

नूरभाईंनी टेबलाकडे पाहिलं. एक दाणा चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेला. त्यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. दाढीच्या आत काहीतरी हललं.

"च्यामायबीन," ते म्हणाले, "ही तं डाळ होय. अन् तू नाई म्हंते?"

"नाई म्हंतो."

"डाळ महाग हाय बे चिंचोक्याहून."

"तरी नाई."

नूरभाई हसले. मोठ्याने नाही, पण खांदे हलले. त्यांनी दोन्ही तळहातांनी डाळ टेबलाच्या कडेला लोटून ओंजळीत घेतली, एकही दाणा खाली न पाडता, आणि उठले. स्वयंपाकघराच्या दारात ते थबकले. तिथे भाभी होत्या, तोंडावर ओढणी धरलेल्या.

"खुर्शीदा, चिंचोके कुठी ठेवते तू? मले आठवून नाई राह्यलं."

भाभींनी ओढणी तोंडावरून खाली घेतली. "वरच्या फळीवर. स्टीलचा डबा. थांबा, मी देतो काढून."

"नाई. मी काढतो. तू फक्त सांग, डावीकडं का उजवीकडं."

"डावीकडं," भाभी म्हणाल्या.

आत स्टूल ओढल्याचा आवाज आला. गोपालने पत्ते गोळा केले, आणि नूरभाई परत येईपर्यंत पिसत राहिला.